वस्तादानं उचललेला नारळ

माणसाला राग यावा, पण हाताजवळ नारळ असताना येऊ नये. ही अक्कल मला बेचाळिसाव्या वर्षी आली, आणि तीही नारळ उचलून झाल्यावर.

आमचं गाव अंथुर्ण्यापासून कोसभर. कालव्याचं पाणी आलं तसं निम्मं शिवार उसाखाली गेलं, निम्मं भाजीपाल्याखाली. आमचा ऊस थोरला भाऊ बघायचा आणि मी तालीम बघायचो. तालमीच्या दाराशी कडुनिंबाखाली माझी बाज टाकलेली असे. त्या बाजेवर बसून मी सकाळ-संध्याकाळ तालीम बघत असे, दुपारी तिच्यावरच झोपत असे.

तालीम कशी निघाली तेही सांगतो. तो काळच तसा होता. गावोगाव सभा होत, फेऱ्या निघत. एकदा पुण्याहून एक थोर गृहस्थ आले. देशाला पोलादी शरीराचे तरुण हवेत, असं त्यांनी तासभर सांगितलं. त्यांना गाडीतून दोघांनी धरून उतरवलं होतं आणि दोघांनी धरून परत चढवलं. पण भाषण झकास झालं. गावाला चेव चढला. मारुतीच्या देवळामागं छप्पर उभं राहिलं, तांबडी माती चाळून आणली, तिच्यात ताक, तेल, हळद कालवून कुस्तीचा हौदा झाला. मग प्रश्न पडला, वस्ताद कोण? लोकांनी माझ्याकडं बघितलं, कारण मी दीड वर्ष कोल्हापूरच्या तालमीत काढून आलो होतो.

त्या दीड वर्षातलं पहिलं वर्ष म्हशींच्या धारा काढण्यात गेलं, हे गावाला माहीत नव्हतं. तालमीची रीत अशी की नव्या चेल्याच्या मनगटाला गंडा, म्हणजे गुरूचा दोरा, बांधताना वस्ताद एक पहिली आज्ञा देतो, आणि तो स्वतः ती सोडवत नाही तोवर चेल्यानं ती पाळायची. कुणाला सांगतात गोड खाऊ नको, कुणाला सांगतात अनवाणी चाल. मला सांगितलं, "म्हशी बघ." पुढं वस्ताद वर्षभर विसरले. मी काही आठवण करून दिली नाही. हौद्यात पोरं नुसती रगडून काढत होती, म्हशी बिचाऱ्या गरीब होत्या.

तर असा मी वस्ताद झालो. झाल्या झाल्या पहिलं काम केलं ते म्हणजे भिंतीवर गेरूनं नियम लिहिले. शिक्षण मराठी सातवी, अक्षर वळणदार, हात आखडला नाही. पहाटे चारला हजर राहायचं. रोज दोनशे जोर, चारशे बैठका. वस्तादाला उलट बोलायचं नाही. तंबाखू खाणाऱ्याला हाकलून दिलं जाईल. या शेवटच्या नियमाखालीच माझी बाज होती आणि उशाला माझी चंची. पण मी पिंक टाकायला दहा पावलं लांब जात असे. शिस्त म्हणजे शिस्त.

पोरं जोर काढायला लागली की मी डोळे मिटून आकडे ऐकायचो. डोळे मिटल्यावर लक्ष चांगलं लागतं, असं मी त्यांना सांगितलं होतं.

माझा खरा गुण म्हणजे माझा आवाज. आमचा पैलवान कुठल्याही जत्रेत लढायला उतरला की मी आखाड्याच्या कडेनं पळत ओरडायचो. "पट काढ! मान दाब! आरं गाढवा, पाय, पाय!" पोरं माझ्या आवाजावर लढतात, असं लोक म्हणायचे. मी मिशीवर हात फिरवायचो. कुस्ती मारली की लोक आधी मला फेटा बांधायचे आणि मग पैलवानाला.

आता त्या पोराचं सांगतो. पोरगा कसला, बावीस वर्षांचा गडी. त्यांचा वांग्या-मिरचीचा मळा होता, बारामतीच्या बाजाराला माल जायचा, म्हणून सगळे त्याला मळेकरी म्हणत. बोलणं फार कमी. पाण्याची दारं धरून, पाटी वाहून आठ वर्षं रोज पहाटे तालमीत यायचा आणि सांगितलेलं सगळं निमूट करायचा. बारामतीच्या अलीकडं कालव्याकाठच्या एका गावात चैत्रात जत्रा भरते. त्या जत्रेची शेवटची कुस्ती आदल्या साली या मळेकऱ्याची झाली होती कोऱ्हाळ्याच्या पैलवानाशी. घटकाभर चालली आणि शेवटी आमचा गडी पडला. तेव्हापासून वर्षभर त्यानं दुसरा विषय डोक्यात घेतला नाही. त्याच्या बापानं त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "ह्या जत्रंपत्तोर काय खेळायचं ती खेळ. वैशाखात तुजं लगीन. मंग मळा एकट्या माज्यानं व्हत न्हाय." म्हणजे त्याला मिळणार होती ती ही एकच कुस्ती. गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं, आणि मलाही.

त्या जत्रेची रीत अशी. मागल्या साली शेवटची कुस्ती ज्यानं मारली त्याच्या नावाचा नारळ घेऊन जत्रेचे पंच फाल्गुनात गावोगाव फिरत. बरोबर हलगीवाला. नारळ एकच, जो आधी उचलेल त्याची कुस्ती. तालमीपुढं घोंगडी अंथरून तिच्यावर कुंकू लावलेला नारळ ठेवायचा. ज्याला लढायचं त्यानं तो उचलायचा. उचलला की हलगी वाजली, आणि हलगी वाजली की विषय संपला. उचलून जो आखाड्यात उभा राहणार नाही, त्याच्या गावचा हौदा वर्षभर बंद.

त्या दिवशी पंच आले. पंचांचा म्होरक्या म्हणजे एक पंचाहत्तरीचा म्हातारा, त्याला सगळी पंचक्रोशी आबा म्हणायची. दात एकही नाही, पण जीभ सगळ्या दातांचं काम करायची. नारळ ठेवला, माझ्या बाजेच्या अगदी पुढ्यात. मळेकरी अंगावरची माती झटकून पुढं निघाला. मी बाजेवर रेलून होतो, अंगावर बंडी होती, आणि बंडीची खालची दोन बटणं लागत नसत.

आबानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "वस्ताद, कितवा म्हैना म्हनायचा?"

पोरं फिस्सकन हसली. माझी पोरं! ज्यांना मी घडवलं, ती! माझं टाळकं सणकलं. "थेरड्या!" म्हणून मी उठलो आणि हाताला जे पहिलं लागलं ते त्याच्या डोक्यात घालायला वर उचललं.

तो नारळ होता.

हलगीवाल्याचं काम नारळ उचलला की हलगी घुमवायचं. त्यानं घुमवली. त्याचा काहीच दोष नाही.

"आरं तिच्या!" आबा टाळी पिटून म्हणाला. "औंदा वस्ताद सोता लढनार! लई झ्याक झालं."

"मी फेकून मारायला उचलला व्हता!"

"मारायला उचल न्हायतर खोबरं खायाला उचल. उचलला न्हवं? मारुतीच्या म्होरं उचललास बाबा."

मी पुष्कळ आरडाओरडा केला. रीत बदलायची वेळ आली आहे, असंही म्हणालो. तसं भिंतीवरच्या नियमांकडं बोट दाखवून आबानं विचारलं, "ह्ये बी बदलायचं का मंग?" मग आबाच जरा नरमला. म्हणाला, "एक वाट हाय बघ. चेल्यावर आल्याली कुस्ती वस्तादाला आपल्या अंगावर घेता येती. ही बी रीतच हाय."

"माजे वस्ताद तीन वर्सांमागं वारले."

"मंग दुसरा धर. गंडा कुनाचा बांधायचा ही ज्याची त्याची खुशी." आणि तो बेरका म्हातारा मळेकऱ्याकडं बघायला लागला.

मी त्या पोराकडं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही, हे आज कबूल करतो. उचलायला पुढं केलेला हात त्यानं मागं घेतला, तेवढं कडेनं दिसलं.

"माज्याच चेल्याच्या पायावर डोस्कं ठिऊ?" मी गरजलो. "त्यापरीस मेलेलं काय वंगाळ? लढतो मी! बघतोच!"

पोरांनी बजरंगबलीचा जयजयकार केला. पोरं कशाचाही जयजयकार करतात.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती. मी पानावर बसलो तेव्हा कारभारीण भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजी तुमी लढनार."

"व्हय."

"कोऱ्हाळ्याच्या पैलवानाशी."

"व्हय म्हनतो न्हवं!"

"आन् त्या पोराची कुस्ती?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "वरीसभर राबला ती? ती तुमी खाल्ली."

मी पानावरून ताडकन उठलो. अन्नाचा अपमान करून बाहेर गेलो, गोठ्याला दोन फेऱ्या मारल्या आणि भूक लागली म्हणून परत आलो. तिनं तीच भाकरी परत गरम करून वाढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात खाकरल्याचा आवाज. उघडतो तो मळेकरी. "वस्ताद, चार वाजलं."

"मंग?"

"भितीवर लिवलंय," तो म्हणाला. टोमणा मारायची त्याची जात नव्हती. त्याला खरंच वाटत होतं की भिंतीवर लिहिलेलं सगळ्यांसाठी असतं.

तर तो महिना मी माझ्या शिस्तीत काढला. शत्रूवरही तशी वेळ येऊ नये. पहिल्या दिवशी लंगोट पुरेना. कारभारणीनं जुन्या लुगड्याचा पट्टा जोडून तो लांब केला, काठ तसाच ठेवून. मी तो नेसून तालमीत आलो तेव्हा सगळी पोरं एकदम मारुतीकडं तोंड करून नमस्कार करायला लागली. त्यांचे खांदे हलत होते.

मग जोर. सुरुवात झोकात केली. बारा झाले आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. मोजायला एक पोरगा उभा केला होता. तो म्हणाला, "बारा, तेरा, सतरा, वीस, सत्तावीस." मी पडल्या पडल्या मान वर करून त्याच्याकडं बघितलं. तो कळवळून म्हणाला, "आमी समदी असंच मोजतो वस्ताद. पैल्यापास्नं."

आठ वर्षं मी डोळे मिटून ज्या चारशे बैठका ऐकल्या त्या असल्या होत्या! तिथंच त्याच्या कानाखाली काढणार होतो. पण उठता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर सत्तावीस ऐकून बरं वाटलं होतं. फक्त मळेकरी म्हणाला, "बारा झालं वस्ताद. तेरावा काढा." सगळ्या तालमीत पुरते मोजणारा तो एकटाच होता, हे मला त्या दिवशी समजलं. आठ वर्षं मी त्याला बाकीच्यांच्या बरोबरीनंच शिव्या दिल्या होत्या.

त्यानं माझी तंबाखू बंद केली, दुपारची झोप बंद केली. मला हौद्यात घेऊन तो डाव करायला लावायचा. मला पाडायची त्याला गरजच पडत नसे, मी आपला आपणच पडायचो. तो हात धरून उठवायचा आणि म्हणायचा, "पुन्यांदा." माझाच शब्द. मी तो शब्द एवढ्या वेळा वापरला होता, पण ऐकणाऱ्याला तो कसा लागतो याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

एकदा भर उन्हात, आज संध्याकाळी येणार नाही, पोट बिघडलंय, असं सांगायला मी त्याच्या मळ्यात गेलो. पोट ठणठणीत होतं. वांग्याच्या वाफ्यांपलीकडं बांधावर बाभळीचा खुंट होता, त्याला गोणपाट गुंडाळलेलं. मळेकरी त्या खुंटाशी एकटाच झोंबत होता. झटकन खाली बसायचा, खुंटाच्या बुडाला मिठी मारायचा, खांदा लावायचा, सोडायचा, मागं सरायचा, परत. हा त्याचा पटाचा डाव. समोरच्याचा पाय धरून त्याला उलथायचा. घामानं निथळत होता.

"ह्ये कशापायी?" मी विचारलं.

तो दचकला. चोरी पकडल्यासारखा उभा राहिला. "काय न्हाय. सवय ऱ्हातीया."

मला काय वाटायला पाहिजे होतं ते तुम्हाला कळतंय, आणि मलाही कळत होतं. म्हणूनच मला राग आला. "वांगी किडल्यात बग तुजी," असं तिरसटून बोललो आणि निघालो. वांगी चांगली होती. संध्याकाळी तालमीला गेलो, पोटाचं नाव काढलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी कारभारीण लंगोट धुऊन वाळत घालत होती. म्हणाली, "आजून येळ हाय, म्हनलं."

"कशाला?"

"तुमाला ठावं हाय कशाला. वाकलं की मोडत न्हाय मानूस."

"मी बारा गावांत वस्ताद म्हनून मिरवतो! उद्या त्या पोराम्होरं वाकलो तर तोंड कुठं दावू?"

"आन् उद्या मातीत उताना पडल्यावर कुठं दावनार हायसा? आभाळाला?"

या बाईला तालमीत ठेवलं असतं तर माझ्यापेक्षा बरी वस्ताद झाली असती. मी तसं म्हणालो नाही अर्थात. अंगावर ओरडलो आणि बाहेर पडलो.

जत्रेत माणूस मावत नव्हतं. झाडांवर, गाड्यांवर, कालव्याच्या भरावावर लोक. वस्ताद लढणार ही बातमी इंदापूरपर्यंत गेली होती. दिवसभराच्या कुस्त्या झाल्या आणि शेवटच्या जोडीची हलगी कडाडली. मी धोतर, बंडी, पटका उतरवला, मळेकऱ्याच्या हातात दिला आणि लुगड्याच्या काठाच्या लंगोटावर आखाड्यात उतरलो. एवढा मोठा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, मेलो तरी बेहत्तर, पण या बेट्याला दोन हात दाखवीनच.

कोऱ्हाळ्याचा पैलवान पुढं आला. पंचविशीतला, कमावलेल्या अंगाचा, तोंडावर शहाणपण. त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला, कपाळाला माती लावली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "वस्ताद, भिऊ नगा. हळूच पाडतो."

शिवी दिली असती तर मी लढलो असतो. थोबाडीत दिली असती तरी लढलो असतो. पण तो खरंच काळजीनं बोलला होता. त्यालाही नको होती ही कुस्ती. वर्षभर तयारी त्यानंही केली असणार, आणि शेवटी नशिबी काय आलं, तर एक ढेरपोट्या म्हातारा हळूच ठेवायचा!

रागानं मी कुणावर तरी ओरडायला म्हणून कडेला बघितलं. तिथं मळेकरी उभा होता. माझं धोतर, माझी बंडी, माझा पटका त्यानं नीट घड्या घालून दोन्ही हातांत छातीशी धरले होते. सगळी जत्रा हसत होती आणि तो हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. स्वतःच्या कुस्तीसाठी की माझ्या फजितीसाठी, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मला माझी लाज वाटली. सरळ, उघडी लाज. मी वळलो, त्याच्यापुढं गेलो आणि हजारो माणसांदेखत त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "गंडा बांध मला," म्हणालो.

हशा एकदम थांबला. पोरगं भेदरलं. "वस्ताद, काय ह्ये, उठा, उठा," करत तोच माझे पाय धरायला बघत होता. आम्ही दोघं मातीत एकमेकांचे पाय शोधत होतो. शेवटी आबा पंचांच्या घोंगडीवरून ओरडला, "बांध की लेका! दिस मावळाय लागला!"

मळेकऱ्यानं माझ्याच पटक्याचा दोरा तोडला आणि माझ्या मनगटाला बांधला. "आता पैली आज्ञा," आबा म्हणाला. सगळी जत्रा कान देऊन. मला वाटलं, हे पोरगं काय सांगणार? म्हणेल, आशीर्वाद द्या.

तो खाली बघत हळू म्हणाला, "वस्ताद, मी आखाड्यात हाय तवर तोंड उघडायचं न्हाय. एक बी शबूद न्हाय."

परत हशा. पण आता मला राग आला नाही. मी कडेला मांडी घालून बसलो. त्यानं धोतर सोडलं, आत लंगोट कसलेलाच होता.

कुस्ती लागली. आठ वर्षांत मी त्याची कुस्ती पहिल्यांदा बघितली. एरवी ओरडण्यात कुठं सवड होती! काय चपळाई, काय कस! कोऱ्हाळ्याचा पैलवानही आता खुललेला. दोघं भिडले, सुटले, परत भिडले. सुरुवातीलाच एकदा आमचा गडी खाली बसला, त्याच्या हाताशी समोरच्याचा पाय आला होता, आणि तेवढ्यात त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. माझ्या घशाशी "पट!" आला. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पाय सुटला. पुढं आणखी एकदा त्यानं तसंच बघितलं. मग बघायचा थांबला. हलगीवाल्यानं हात बदलले, ऊन कलंडलं, आणि कोऱ्हाळ्याच्या पैलवानानं काखेत हात घालून असा काही झोका दिला की आमच्या गड्याची पाठ मातीला लागली. चितपट. पडला होता तिथून त्याला वरच्यानंच उठवलं आणि मिठी मारली.

आमच्या गावच्या लोकांचा निकाल तिथल्या तिथं लागला. वस्तादामुळं हरलो! वस्ताद ओरडला असता तर पोरगा पडला नसता! आयत्या वेळी बोबडी वळली! माझ्या गप्प बसण्याला आयुष्यात एवढी किंमत कधी आली नव्हती. मी काही बोललो नाही. आज्ञा अजून कुणी सोडवली नव्हती.

परतीच्या गाडीत तो माझ्यापुढं बसला होता. कानात माती, ओठ फुटलेला. कालव्याच्या कडेनं बैल आपल्या चालीनं चालले होते. जरा वेळानं म्हणाला, "आज्ञा सुटली वस्ताद. बोला आता."

माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. त्याच्या सतरा चुका मला दिसल्या होत्या, ओळीनं पाठ होत्या. तोंड उघडलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं, कुठं गेली कुस्ती?"

तो माझ्याकडं वळून बसला. आठ वर्षांत मी त्याला असलं काही विचारलं नव्हतं.

"पैल्याच पटाला गेली," तो म्हणाला. "पाय घावला व्हता हातात. उचलायचा तेवढा ऱ्हायला व्हता. पर मी तुमच्या आवाजाची वाट बघत बसलो. मीच तुमाला गप बसा म्हनलो आन् मीच वाट बघितली. तुमी वरडल्याबिगर माजा हात उठतच न्हाय वस्ताद. ती मला तवा कळलं. मंग म्होरं उठला, पर तवर त्यो सावध झाला व्हता."

मला रडू आलं. गाडीत चार माणसं होती तरी आलं. आठ वर्षं ज्या आवाजावर मी फेटे बांधून घेतले त्यानंच त्याची एकुलती एक कुस्ती घालवली होती. आणि वैशाखात त्याचं लग्न होतं.

"म्हंजी चूक माजी," मी म्हणालो.

तो नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. निदान थोडं आढेवेढे घेईल.

"व्हय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पकडीत काय झालं ते सांगायला लागला.